नुसती फ्रेम

"फोटो नको, नुसती फ्रेम द्या," असं तो मुलगा म्हणाला आणि दुकानदाराने पक्कड उचलली. दुकान कसलं, रस्त्यावर अंथरलेलं निळं प्लॅस्टिक. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी जे जे मांडलेलं असतं ते सगळं त्यावर होतं: पितळी नळ, बंद पडलेला ट्रान्झिस्टर, काच नसलेला कंदील, कुठल्या तरी देवघरातली अर्धी समई, चष्म्यांच्या काड्यांचा ढीग. मुलगा कॅफे काढत होता. दाढी नीट कातरलेली, बोलणं अदबीचं. साडेचारशेपासून सुरू झालेला भाव अडीचशेवर आला. "अस्सल सागवानी आहे, धरून बघा वजन," असं दुकानदाराने तीनदा सांगितलं. मग त्याने फ्रेम मांडीवर पालथी घेतली, गंजलेल्या चुका एकेक करून उपसल्या, पुठ्ठा काढला, पुठ्ठ्याखालचं वर्तमानपत्र काढलं आणि आतला फोटो नखाने सोडवून प्लॅस्टिकवर ठेवला. पालथा. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक पितळी नळ ठेवला. मग काच शर्टाच्या बाहीने पुसून, फ्रेम त्याच वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

"पेपर राहू द्या," मी म्हटलं. मी मध्ये का बोलले ते मलाही कळलं नाही. खरं तर मी पोळपाट बघायला गेले होते.

फोटोचे किती, असं विचारलं तर म्हणाला, "फोटोचे काय घ्यायचे ताई, न्या की." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला धंदा आठवला. "बरं, वीस द्या." वीस रुपयांत मला एक नव्हे, दोन फोटो मिळाले. वरचा सोडवताना त्याच्या मागे चिकटलेला दुसराही निघाला होता. वर एक बाई, तिच्या पाठीमागे एक शिपाई. काचेतून आयुष्यभर बाईच दिसली असणार.

रिक्षात बसल्यावर मी ते मांडीवर सरळ ठेवले. तरी तो पितळी नळ काही डोळ्यांपुढून जाईना. माणूस कुणी का असेना, पालथं ठेवायचं म्हणजे काय? आता हे लिहिताना जाणवतं की त्यात दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. सुलटा ठेवला असता तर नळाचा चरा चेहऱ्यावर उमटला असता. त्याने एका अर्थी जपलंच होतं.

बाई विशी-बाविशीची. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात तिच्या चेहऱ्याला जरा मोठीच वाटणारी नथ. एक हात खुर्चीच्या पाठीवर, पण टेकलेला नाही, टेकवायला सांगितलं म्हणून अधांतरी धरलेला. मागे रंगवलेला पडदा: दगडी जिना, कठडा, कठड्यावर कुंड्या, लांबवर धूसर झाडं. फोटोच्या काळ्या भागांवर, पदराच्या घड्यांत, केसांत चांदीचा पातळ साय धरल्यासारखा झगझगाट आला होता. जुन्या फोटोंतली चांदीच अशी वर्षानुवर्षांनी पृष्ठभागावर येते; तिरपं धरलं की माणूस नाहीसा होतो आणि नुसता आरसा उरतो. एक गोष्ट मात्र कळेना. फोटोला मधोमध एक वाक होता. फ्रेममध्ये सपाट दाबून ठेवलेला फोटो असा वाकेल कसा? आणि मागे पेन्सिलीने, शाळामास्तरी वळणदार अक्षरात: "चि. बाळाची आई."

शिपायाचा फोटो पोस्टकार्डाच्या आकाराचा. टोपीला बिगुलाचा बिल्ला, म्हणजे मराठा पलटण. एवढं सातारकडच्या माणसांत वावरलेल्या कुणालाही कळतं. बूट चकचकीत, पण वरच्या पट्ट्यांना चिखल. आणि त्याच्याही मागे रंगवलेला पडदा: दगडी जिना, कठडा, कुंड्या. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा दोघं एकाच बागेत, दोन कोपऱ्यांत उभी असल्यासारखी दिसली. पण याच्या पाठीवर जांभळ्या शाईचा पुसट शिक्का होता, अक्षरं इंग्रजी वळणाची, शब्द इंग्रजी नव्हे. भिंग घेऊन एकेक अक्षर लावलं: फिरेंझे. आपण ज्याला फ्लॉरेन्स म्हणतो ते. त्याखाली अडखळत्या हाताने: "चि. बाळास आशीर्वाद. मु. इटाली. ३-१२-४४." उजवीकडे पत्ता. नावाची ओळ वर्तमानपत्राला चिकटून सोलून गेली होती. उरलं होतं ते गाव, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा.

दोन फोटो, दोघांच्या पाठीवर मजकूर, आणि नाव एकाचंही नाही. बाळ. बाळाची आई. घरच्या माणसांना घरच्यांचं नाव लिहायची गरज कधी पडते?

माझ्या आईच्या माहेरी १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही. १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा आजीने माळ्यावर धान्याचे डबे चढवले, दागिन्यांची पेटी घेतली, दोन मुलांना घेतलं. फोटोंची ट्रंक पलंगाखाली राहिली. पाणी ओसरल्यावर गाळातून ती काढली तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली होती. आजीने ते बादलीत भिजवून सुटे केले आणि दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले. वाळले तसे चेहरे घसरून खाली आले, असं ती सांगायची. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्यात फुगून सुटतो, हे मला फार पुढे कळलं. लहानपणी वाटायचं की माणसं खरोखरच दोरीवरून उतरून गेली. त्यातला एक पुठ्ठा तिने ठेवला होता. त्यावर खुर्चीचा एक पाय आणि माणसाचा एक पाय, पुणेरी जोड्यासकट, एवढंच शिल्लक होतं. "हे माझे वडील," असं ती दाखवायची आणि आम्ही आळीपाळीने त्या पायाच्या पाया पडायचो. हसूही यायचं. आजी गेल्यावर तो पुठ्ठा कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही. विचारायला आता कुणी नाही.

तेव्हा हे फोटो ज्यांचे त्यांना पोचवायचे, हे मी ठरवलं त्यात परोपकार कमी आणि जुनी खाज जास्त होती. हे आधीच कबूल केलेलं बरं.

आधी मी घरबसल्या करता येतील तेवढे उद्योग केले. पंचेचाळीसच्या आधीचा तो हिवाळा इटलीत कसा गेला ते वाचलं. ऑगस्ट ४४ मध्ये जर्मन फ्लॉरेन्समधून हटले, जाताना नदीवरचा एक जुना पूल तेवढा ठेवून बाकीचे उडवले, आणि मग आघाडी शहराच्या उत्तरेला डोंगरात, चिखलात आणि बर्फात रुतून बसली. तिथून सुट्टीवर शहरात आलेला एक पोरगा बूट पुसून स्टुडिओत गेला असणार. वरच्या पट्ट्यांपर्यंत फडकं पोचलं नाही. यशवंत घाडग्यांना ज्या लढाईत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती त्याच वर्षीच्या जुलैची, आणि नामदेव जाधवांची पुढच्या एप्रिलमधली. म्हणजे हा फोटो दोन्हींच्या मधला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या याद्या इंटरनेटवर सहज उघडतात. संध्याकाळभर मी त्या चाळत बसले: सातारा, सातारा, रत्नागिरी, सातारा, कुलाबा. मग लक्षात आलं की मी मेलेल्यांत शोधते आहे. मेलेल्यांच्या याद्या नीट असतात. जे परत येतात त्यांची यादी कोण करतं? आणि हा परत आला होता की नाही हेही मला कुठे ठाऊक होतं. आपण मनातल्या मनात त्याला मारून टाकलंय, गोष्टीसाठी ते सोयीचं आहे म्हणून, हे कळलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला.

सप्टेंबर संपता संपता स्वारगेटहून एसटी पकडली. कोरेगाव तालुक्यात तेव्हा घेवड्याचे दिवस असतात. अंगणाअंगणांत ताडपत्र्यांवर वाळलेल्या शेंगांचे ढीग, काठीने बडवणाऱ्या बाया, आणि फोलपटांतून निघणारे ते वाघ्या घेवड्याचे दाणे, गुलाबीसर, वर तांबड्या रेघा. सगळ्या गावाला कोरड्या शेंगेचा, जरासा धुरकट वास. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी होती, पहिल्या महायुद्धाची, तिकडच्या कितीतरी गावांत असते तशी: या गावातून इतके लोक लढाईला गेले, पैकी इतके कामी आले. दोन आकडे. नाव एकाचंही नाही. दुसऱ्या युद्धाची तर पाटीही नव्हती. मी ती वाचत उभी राहिले तशी पारावरची माणसं आपोआप उठून आली.

"इटलीला कोण गेलं होतं हो इथून?" मी विचारलं.

"कोण न्हाई गेलं ते इचारा ताई."

फोटो हातोहात फिरला. निवृत्त सुभेदार होते एक, त्यांनी तो हातभर लांब धरून बिल्ला पाहिला, उभं राहायची पद्धत पाहिली आणि "रिक्रूट न्हाई, दोनतीन वर्सं झाल्याली हायत" असा निकाल दिला. चेहरा मात्र कुणाला ओळखू येईना. येणार कसा? त्याला या वयात पाहिलेलं माणूस गावात कितीसं उरलं असेल. कुणी म्हणालं वंशावळी सांगणारा हेळवी येईल तेव्हा त्याच्या वहीत बघू; कुणी म्हणालं त्याची वही बाप, बापाचा बाप अशी चालते, फोटो बघून कोण सांगणार. तासाभरात मात्र उलटंच झालं. कुणी ओळखत नव्हतं त्या पोराला तीन घरांनी आपलं म्हटलं. एका घरात आजा इटलीहून आला होता, एका घरात गेला तो आलाच नव्हता, आणि तिसऱ्या घरात कान असेच होते. प्रत्येकाने मला घरी नेलं, चहा पाजला. तीन चहा, एका ठिकाणी वर पोहे. तिन्ही ठिकाणी मी फोटोकडे बघायची आणि मलाही तो त्या घरचाच वाटायचा. कान तर खरंच तसे होते.

मग सुभेदारांची सून म्हणाली, "बाईचा फोटो दावा की. शिपाई सगळे सारखेच दिसत्यात."

तिने तो नेला तो खालच्या आळीतल्या एका म्हातारीकडे. नव्वदी ओलांडलेली, ओसरीवर मांडीशी सूप घेऊन घेवडा निवडत बसलेली. ऐकायला कमी, पण नजर धारदार. सुपातले खडे ती बोटांनी नव्हे, डोळ्यांनी आधी उचलत होती. फोटो तिने जवळ धरला, मग आणखी जवळ.

"ही नथ पाटलिणीची."

मला वाटलं, झालं, सापडलं. पाटलांचं घर. पण तसं नव्हतं. पाटलिणीची नथ म्हणजे आळीची नथ. साताऱ्याला फोटो काढायला जी जाईल तिने ती मागून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी हळदी-कुंकवाच्या बोटांनी परत करायची. त्या नथीतले आणखी चार तरी फोटो गावात असतील, म्हातारी म्हणाली. तिचा स्वतःचाही होता, उंदरांनी खाल्ला. मग तिने बोटाने फोटोतल्या बाईचा हात दाखवला, खुर्चीवर अधांतरी धरलेला. "ही आमची आक्का. बाळ्याची आय. बघा की, टेकंना कुटं. जलमभर अशीच, कुटं टेकली न्हाई."

म्हातारी तिची धाकटी जाऊ. पंचेचाळीस साली, तेरा वर्षांची असताना त्या घरात आली. तेव्हा थोरले दीर पलटणीत होते आणि भिंतीवर त्यांचा हाच फोटो होता, टपालाने आलेला. सासूने शेळी विकून साताऱ्याहून फ्रेम करून आणली होती. दिराला मी आधी फोटोत पायले, मग खरं, म्हणाली. पुढच्या वर्षी ते आले. धडधाकट आले. भाकरी मागताना "पाने आण, पाने" म्हणायचे आणि सासूबाई पाणी घेऊन जायच्या. मग सगळी हसायची. इटलीत पाने म्हणजे पाव. म्हातारीला हे ठाऊक नव्हतं. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षं तिला वाटत होतं, दिराला पानाचा विडा हवा असायचा. मी सांगितलं तेव्हा ती सूप खाली ठेवून हसली, मग हसता हसता पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. बाईचा फोटो त्यांनीच तिकडून मागवला होता. नथ घालून आक्का साताऱ्याला गेली, मास्तरांनी मागे लिहून दिलं. बाई नवऱ्याला आपलं नाव कसं लिहिणार? तो फोटो इटलीला गेला आणि त्यांच्या खिशातून परत आला. माझ्या वाकाचं कोडं असं, सुपातला खडा निघावा तसं, सहज निघालं.

"मग दोन्ही एकाच फ्रेममध्ये कसे, आजी? यांचा मागे का लपवला?"

मी रिक्षापासून या प्रश्नाभोवती काय काय रचलं होतं! युद्धाच्या आठवणी नकोशा झालेला माणूस, स्वतःच्या चेहऱ्यावर स्वतः टाकलेला पडदा. म्हातारीने माझ्याकडे, शहरातली माणसं अशीच असतात, या नजरेने पाहिलं.

"फ्रेम एकच व्हती."

आक्का बावन्न साली गेली. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीला लावायचा असतो, जित्या माणसाचा नसला तरी चालतो. दुसरी फ्रेम कुठून आणायची? दिरांनी स्वतः चुका काढल्या, वर बायकोचा फोटो ठेवला, मागे पेपर घातला, पुन्हा ठोकल्या. स्वतःचा काढून कुठे ठेवायचा म्हणून तिथेच राहू दिला. पुढे तीसेक वर्षं ते त्याच भिंतीखाली जेवायला बसायचे.

नाव मात्र मिळालं नाही. मी तीन वेळा विचारलं. सासूबाई तिला थोरली म्हणायच्या, मी आक्का म्हणायची, गाव बाळ्याची आई म्हणायचं. ती गेली तेव्हा म्हातारी बाळंतपणासाठी माहेरी होती, त्यामुळे दहाव्याला भटजींनी काय नाव घेतलं तेही कानावर पडलं नाही. माहेरचं नाव वेगळं होतं, लग्नात बदललं होतं, एवढं आठवत होतं. तिने खरंच खूप प्रयत्न केला, सुपातला हात थांबवून. मला शरम वाटली. एवढी वणवण करून मी गाठलं होतं ते पेन्सिलीने फोटोच्या मागे आधीच लिहिलेलं होतं.

बाळचा नातू पुण्यातच सापडला, माझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर. गावचं घर पाडून बांधलं तेव्हा ट्रकभर सामान पुण्याला आलं, त्यातलं जागेत न मावलेलं भंगारवाल्याला दिलं. त्याला फोनवर अगदी अपराधी वाटलं. मी उगाच समजावत राहिले. "मॅडम, व्हॉट्सॲप करा ना प्लीज." दोन्ही फोटो पाठवले. संध्याकाळी त्याच्या स्टेटसवर पणजोबा होते, तिरंग्यासह, पार्श्वसंगीतासह. पणजी नव्हती. मी दोनदा पाहिलं. मूळ फोटो मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी येऊन नेले, दोन्ही, रुमालात गुंडाळून, आणि जिन्यात थांबून पणजीचाच पुन्हा उघडून बघत होता, हेही सांगायला हवं.

आणि ज्या घरातला आजा इटलीहून आलाच नव्हता, त्या घरच्या माणसाने निघताना मला एसटीपर्यंत सोडलं. आता त्यालाही कळलं होतं की शिपाई दुसऱ्याचा. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, एक कापी मलाबी द्या. आमच्या आज्याचा फोटूच न्हाई. असाच दिसत असंल की." बरोबर की चूक, याचा विचार करायला मला एसटीने वेळ दिला नाही. पुण्याला आल्यावर मी प्रत काढून पाठवली. आता एकच पोरगा दोन घरांच्या भिंतींवर असेल.

पण म्हातारीचं सांगायचं राहिलं. मी उठले, पाया पडले, ओसरीच्या पायऱ्या उतरले, तेव्हा तिने मागून हाक मारली.

"आन् फ्रेम?"

मी थांबले. फ्रेम विकली गेली, सांगितलं. किती, तिने विचारलं. अडीचशे. सागवानी होती म्हणे.

"शिसवी व्हती. सागाची न्हवं. दर दसऱ्याला खोबरेल लावायची मी." थोडं थांबून म्हणाली, "आता काय लावलंय तीत?"

मला तो मुलगा आठवला, दाढीवाला, अदबीने बोलणारा, फ्रेम काखेत मारून जाताना काचेऐवजी काय बसवायचं ते फोनवर कुणाला तरी सांगत होता तो.

"आरसा," मी म्हटलं.

तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि घेवडा निवडायला लागली.